मोटरहोममधला सडक्या अंड्याचा वास: टाकी, पाईप आणि नहाणी ट्रॅप

इंग्लंडमध्ये मोटरहोम विकणारा माणूस तुम्हाला सोलर पॅनल दाखवेल, फ्रीज गॅसवर कसा चालतो ते दाखवेल, बेड ओढून त्यावर आडवं व्हायला लावेल, पण गाडीखाली वाकून "ही बघा तुमची सांडपाण्याची टाकी" असं काही म्हणणार नाही. आणि मग उन्हाळा लागला की नेमकी त्याच टाकीशी सगळ्यात जास्त ओळख होते. आमची झाली, चांगलीच झाली, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय कारण मला हे शोधताना मराठीत काहीच सापडलं नव्हतं आणि इंग्रजीत जे होतं त्यातलं निम्मं "अमुक बाटली ओता, तमुक गोळी टाका" एवढंच होतं.

आमची गाडी फियाट डुकाटो व्हॅनवर बांधलेली, सेकंडहँड, राहतो रीडिंगजवळ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, असल्या गाडीत पाण्याचे तीन हिशोब असतात. चांगल्या पाण्याची टाकी एक. किचन सिंक, बेसिन आणि शॉवरचं पाणी जातं ती दुसरी, तिला इकडे ग्रे टँक म्हणतात, ती गाडीच्या पोटाखाली लटकवलेली असते, आमची साधारण नव्वद लिटरची आहे. आणि टॉयलेटची कॅसेट तिसरी, तिचा ग्रे टँकशी काही संबंध नाही, ती बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची आणि कॅम्पसाईटवर जी ठरलेली जागा असते तिथे नेऊन रिकामी करायची. वास आला की सगळ्यांचं बोट पहिलं त्या कॅसेटकडे जातं, बिचारीचा दोष असो नसो.

आमच्या वासाची एक सवय होती. गाडी उभी असली की काही नाही, रात्री झोपताना नाही, सकाळी चहा करताना नाही. गाडी निघाली, पहिला राउंडअबाउट, म्हणजे चौकातला गोल, आला की मागून भपकारा. सडकी अंडी आणि त्यात शिळ्या खरकट्याचा आंबूस वास मिसळलेला. नवऱ्याने लॅव्हेंडरच्या वासाचं एक लिक्विड आणलं, टाकीत ओतायचं, मग लॅव्हेंडर आणि सडकी अंडी असा वास यायला लागला, जो खरं सांगते नुसत्या अंड्यांपेक्षा वाईट होता. मग दुसऱ्या कंपनीचं आणलं पाईनच्या वासाचं. नवऱ्याचा स्वभाव असा की प्रॉब्लेमवर बाटली मिळत असेल तर तो आधी बाटली घेणार.

जूनमध्ये आईबाबा सांगलीहून आले होते आणि त्यांना स्कॉटलंड दाखवायचं म्हणून आम्ही वर निघालो. लॉक लोमंड तळ्याच्या काठाने जो ए-82 रस्ता जातो तो टार्बेटच्या पुढे इतका अरुंद आणि वळणावळणाचा आहे की समोरून लॉरी आली की ब्रेक मारून एका बाजूला चेपून उभं राहायचं, दोघांचे आरसे वाचले की पुढे. म्हणजे टाकीतलं पाणी सतत इकडून तिकडे हिंदकळणार. आईने ओढणी नाकाला लावली आणि म्हणाली, "अगं, अंडं फुटलंय का कुठं? फ्रीज बघ की." मुलांनी एकमेकांवर आरोप केले. मी मागची खिडकी उघडली आणि वरचं स्कायलाईट पण थोडं उचललं. वास दुप्पट झाला.

बाबा काही बोलले नाहीत. बाबा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले, तीस-पस्तीस वर्षं व्हॉल्व्ह, पाईप, चेंबर यात गेलेली, त्यामुळे असल्या बाबतीत ते लगेच मत देत नाहीत. ग्लेन्कोमध्ये थांबलो, सगळे डोंगर बघत फोटो काढत होते आणि बाबा आत एकटे शॉवरमध्ये वाकून काहीतरी बघत होते. बाहेर येऊन म्हणाले, "वास येतोय म्हंजे हवा येतीय. हवा कुठनं येतीय ते आधी बघ, औषधं मग ओत. आणि जावईबापू, तुम्ही ती लॅव्हेंडरची बाटली आता ठेवा आत." जावईबापूंनी ठेवली.

पहिल्यांदा कॅसेटचा निकाल लावला. फोर्ट विल्यमजवळच्या साईटवर कॅसेट काढून रिकामी केली, स्वच्छ धुतली आणि बाहेरच ठेवून, म्हणजे गाडीत कॅसेटच नाही अशा अवस्थेत, दुकानापर्यंत चक्कर मारली. वास होताच. तसाही लघवीचा वास अमोनियाचा, झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा असतो आणि हा अंड्याचा होता, म्हणजे हायड्रोजन सल्फाईड. बंद टाकीत साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन तिथले जिवाणू भराभर संपवतात, मग ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही असे जिवाणू कामाला लागतात आणि ते गंधकापासून हा वायू बनवतात. गंधक डाळीत आहे, कांद्या-लसणात आहे, अंड्यात आहे, आपल्या जेवणात तर भरपूर. आणि माणसाचं नाक या वायूच्या बाबतीत इतकं तिखट असतं की हवेच्या अब्जावधी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी कळतं. त्यामुळे टाकी 'जवळजवळ' साफ करून भागत नाही, थोडं राहिलं तरी वास राहतो.

मग बाबांनी आईच्या पूजेच्या सामानातून उदबत्ती मागितली. आई म्हणाली आत्ता कसली पूजा. पूजा नव्हती. गॅसचे सिलिंडर बंद केले (हे विसरू नका), सगळ्या खिडक्या लावल्या आणि छतावरचा फॅन हवा बाहेर फेकायच्या दिशेने फुल चालू केला. म्हणजे आतली हवा बाहेर खेचली जाणार आणि तिची जागा घ्यायला जिथून वाट मिळेल तिथून नवी हवा येणार. अशा गाडीत गॅससाठी म्हणून जमिनीला कायमची भोकं असतात, तिथून हवा येतेच, पण दुसऱ्या वाटा असतील तर त्याही उघड्या पडतात. आता एकेका भोकावर उदबत्ती धरत जायचं. किचन सिंकवर धूर सरळ फॅनकडे. बेसिनवर किंचित हलला. शॉवरच्या ट्रेमध्ये दोन जाळ्या असतात, एक पुढे एक मागे, गाडी कशीही तिरकी उभी असली तरी पाणी निघून जावं म्हणून. पुढच्या जाळीवर धूर ठीक. मागच्या जाळीवर उदबत्ती नेली आणि धूर एकदम उधळला, जसं काही खालून कोणी फुंकर मारतंय. फॅन बंद केला, धूर शांत. परत चालू केला, परत उधळला. मुलं बघतच राहिली, धाकट्याला ते जादूसारखं वाटलं आणि त्याने उदबत्ती घेऊन आख्खी गाडी पालथी घातली, फ्रीजसकट.

"ह्याला नहाणी ट्रॅपच नाही गं," बाबा म्हणाले.

सांगलीच्या घरी मे महिन्यात सगळे गावाला गेले आणि घर बंद राहिलं की परत आल्यावर बाथरूममध्ये पाय ठेवताच गटाराचा वास यायचा, बाबा आल्या आल्या दोन बादल्या पाणी ओतायचे आणि तासाभरात वास गायब. ट्रॅप म्हणजे जाळीखालचं असं वळण की ज्यात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि गटाराची हवा अडवतं, तेच पाणी वाळलेलं असायचं. इथे तर मुळात शॉवर ट्रेच्या खाली ट्रॅप बसवायला उंचीच नसते, ट्रे आणि गाडीचा तळ यात बोटभर जागा, त्यामुळे बनवणाऱ्याने एकतर अगदी उथळ काहीतरी बसवलेलं असतं किंवा सरळ पाईपच जोडलेला असतो. आमच्या पुढच्या जाळीला उथळ ट्रॅप होता, मागचीला नुसता पाईप. जिथे ट्रॅप आहे तिथेही दोन बोटं पाणी, ते एका जोरदार वळणात उडून जातं. आणि आम्ही शॉवर तसा वापरतच नव्हतो, साईटवर चांगले शॉवर असतात, आमच्या गाडीतल्या शॉवरमध्ये ओले जॅकेट आणि बूट राहायचे.

आणि खिडकीचं कोडंही त्यातच सुटलं. धावत्या गाडीची मागची खिडकी किंवा स्कायलाईट उघडलं की बाहेरून वेगाने जाणारी हवा आतली हवा खेचून घेते, आत दाब कमी होतो आणि ती तूट भरून काढायला टाकीतली हवा पाईपातून वर येते. म्हणजे वास आला म्हणून खिडकी उघडायची आणि खिडकी उघडली म्हणून अजून वास. त्या प्रवासात पुढे आम्ही सिंक-बेसिनला बुच लावून, शॉवरच्या दोन्ही जाळ्यांवर ओला फडका आणि त्यावर पाण्याने भरलेली झिपलॉकची पिशवी ठेवून, मागच्या खिडक्या बंद ठेवून गाडी चालवली. नव्वद टक्के वास तिथेच गेला. एक पैसा खर्च नाही. टाकी मात्र आत जशी होती तशीच घाण होती, ते काम बाकी होतं.

गाडीखाली मी गेले. नवऱ्याची पाठ दुखत होती, बाबांना मी जाऊ दिलं नाही. ज्यांनी स्कॉटलंडच्या मिजेस अनुभवल्या नाहीत त्यांना काय सांगू, डासांपेक्षा कितीतरी बारीक, ढगाने येतात, आणि ढगाळ संध्याकाळी वारा पडला असताना गाडीखाली पाठीवर झोपून दोन्ही हात वर गुंतलेले असताना तर त्यांची मेजवानीच. पण खाली गेल्यावर दोन गोष्टी दिसल्या ज्या वरून कधीच दिसल्या नसत्या.

एक म्हणजे टाकीचा व्हेंट. टाकीत पाणी आलं की आतल्या हवेला बाहेर जायला वाट हवी, त्यासाठी टाकीच्या वरच्या अंगाला एक बारीक नळी असते. आमच्या नळीचं तोंड मागच्या चाकाजवळ होतं आणि त्यात मातीचा बोळा, वर कोळिष्टक. पूर्ण बंद. म्हणजे सिंकमध्ये पाणी सोडलं की तेवढ्याच मापाची हवा टाकीतून दुसऱ्या भोकाने वर गाडीतच येणार, दुसरी वाटच नाही तिला. भांडी घासताना शॉवरमधून गुडूगुडू आवाज यायचा तो याचा. नळी तारेने साफ केली, ढेकूळ पडलं ते तोंडावर.

दुसरी गोष्ट म्हणजे पाईप. इथल्या बहुतेक गाड्यांत सांडपाण्याला तो राखाडी रंगाचा, वळ्यावळ्यांचा, 28 मिलिमीटरचा लवचिक पाईप वापरतात. बसवणाऱ्याला सोपा, कुठूनही वळवता येतो. पण आतूनही वळ्याच, प्रत्येक वळीत तेल, साबण आणि अन्नाचा गाळ धरून बसतो. वर आमच्या पाईपचे क्लिप निघाले होते आणि मध्ये चांगला झोळ पडला होता, त्या झोळात पाणी कायमचं साठलेलं. टाकी कितीही रिकामी करा, तो झोळ भरलेलाच. हाताने दाबला तर आत डुबुक डुबुक. लोक टाकीत बाटल्याच्या बाटल्या ओततात आणि वास येतच राहतो त्यामागे बऱ्याचदा हा झोळ असतो असं माझं मत झालंय, कारण तो सिंकपासून हातभर अंतरावर आहे आणि टाकी त्याच्या कितीतरी पुढे.

खरी साफसफाई घरी परत आल्यावर. पहिला प्रश्न, एवढं घाण पाणी सोडायचं कुठे. इथे बऱ्याच वस्त्यांमध्ये पावसाच्या पाण्याची गटारं वेगळी आणि घरातल्या सांडपाण्याची वेगळी असतात, ड्राईव्हवेवरची जाळी बऱ्याच ठिकाणी सरळ ओढ्याला नाहीतर नदीला जाते. त्यामुळे तिथे अजिबात सोडायचं नाही. आमच्या किचनच्या बाहेर सिंकचं पाणी पडतं ते छोटं जाळीचं कुंड आहे, ते मैल्याच्या लाईनला जातं, तिथपर्यंत होज लावला.

गाडीची पुढची चाकं रॅम्पवर चढवली कारण आमच्या टाकीचा नळ मागच्या कोपऱ्यात आहे आणि सपाट जागी उभं राहिलं तर तळात दोन-तीन लिटर पाणी राहतंच. मग टाकीच्या बाजूला एक गोल, आटे असलेलं झाकण असतं तपासणीसाठी, ते उघडलं. वर्षानुवर्षं कोणी उघडलेलं दिसत नव्हतं, आधीच्या मालकाने तर नक्कीच नाही, दोन हातांनी आणि एका शिवीने फिरलं. आत टॉर्च मारला. भिंतींवर राखाडी, बुळबुळीत, जाड साय धरलेली, बोट ओढलं की सोलून येणारी. हळदीची पिवळी रेघ एका ठराविक उंचीवर, म्हणजे पाणी साधारण तिथपर्यंत येऊन थांबायचं. आणि नळाच्या तोंडाशी, हे बघून मी खरंच हसले, मोहरी. मूठभर मोहरी, फुगलेली, काळी कुळकुळीत, त्यात दोन-चार कढीपत्त्याच्या शिरा. प्रत्येक आमटीची फोडणी तिथे हजेरी लावून बसलेली. मोहरीने नळाची निम्मी वाट अडवली होती.

आता औषधं. मी थोडं वाचून आणि थोडं बाबांना विचारून क्रम ठरवला आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी हातमोजे घालून झाकणातून जेवढा हात जाईल तेवढा गाळ हाताने काढला, कारण जो गाळ हाताने निघतो तो रसायनाने विरघळवत बसण्यात अर्थ नाही. मग तेलासाठी धुण्याचा सोडा, इथे सोडा क्रिस्टल म्हणून कुठल्याही सुपरमार्केटात किलोची पिशवी मिळते, लॅव्हेंडरच्या एका बाटलीच्या पैशात अशा कितीतरी पिशव्या येतील. निम्मी पिशवी बादलीभर गरम पाण्यात विरघळवून सिंक, बेसिन, शॉवर सगळ्यातून थोडं थोडं ओतलं म्हणजे पाईपही धुतला जातो, आणि वरून टाकी निम्मी होईल इतकं गरम पाणी. नळाचं गरम पाणी बरं का, उकळतं नाही, उकळत्याने हे प्लास्टिकचे पाईप मऊ पडून झोळ वाढतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे, सोडा साधा वाटला तरी कातडी सोलतो.

रात्रभर ठेवलं. सकाळी नवऱ्याला सांगितलं गाडी फिरवून आण, टाकीत चांगलं घुसळलं गेलं पाहिजे. आमच्याजवळ ब्रॅकनेल आहे, तिथे राउंडअबाउटच राउंडअबाउट, एरवी सगळे वैतागतात. तो तिथे जाऊन प्रत्येक राउंडअबाउटला दोन-दोन फेऱ्या मारून आला, बाबा शेजारी बसून "अजून एक होऊ द्या" म्हणत होते. आई घरीच राहिली, म्हणाली मला नको तुमचं ते ताक घुसळणं. परत येऊन नळ उघडला आणि जे बाहेर आलं त्याचं वर्णन करत नाही, जेवण झालेलं असेल कोणाचं. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत होजने धुतलं.

त्यानंतर दुसरी फेरी, बायोलॉजिकल कपडे धुण्याचं लिक्विड, म्हणजे ज्यात एन्झाईम असतात ते. प्रथिनं, स्टार्च, चरबी तोडणारी एन्झाईम असतात त्यात, भाताची पेज आणि डाळीचा थर यासाठी तेच पाहिजे. याला मात्र पाणी कोमट, फार गरम पाण्यात ती एन्झाईम निकामी होतात. हेही रात्रभर. तिसरी फेरी लिंबूफुलाची, म्हणजे सायट्रिक ॲसिडची, ती फक्त आमच्यासारख्या जड पाण्याच्या भागातल्या लोकांना लागेल. थेम्सच्या या भागात पाण्यात कॅल्शियम इतकं की साबणाबरोबर त्याचा पांढरा चिकट थर होतो आणि किटलीत जसा क्षार धरतो तसा टाकीतही धरतो, त्या खरखरीत थरावर घाण परत लगेच चिकटते. स्कॉटलंडमध्ये पाणी मऊ, तिथे साबणाला फेस मावत नव्हता. लिंबूफूल घालायच्या आधी सोडा पूर्ण धुऊन काढायचा, नाहीतर दोघं एकमेकांना मारतात आणि तुमच्या हातात खारट पाणी राहतं. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतायचा जो सल्ला जिकडे तिकडे मिळतो त्याचंही तेच, फेस बघायला मजा येते, काम दोघांपैकी कोणाचंच होत नाही.

ब्लीचबद्दल वेगळं सांगते कारण नवऱ्याला तेच वापरायचं होतं. आम्ही नाही वापरलं. ब्लीच जिवाणू मारतं पण तेलाचा थर काढत नाही, वरचे मेले तरी खालचे त्या सायीखाली सुखात. शिवाय टाकीत आधी व्हिनेगर किंवा लिंबूफूल असेल आणि त्यावर ब्लीच गेलं तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि तो त्याच ट्रॅप नसलेल्या भोकातून तुमच्या बेडरूममध्ये येतो. टॉयलेट कॅसेटमध्ये तर नकोच, लघवीतल्या अमोनियाबरोबर क्लोरामाईन तयार होतात, तेही विषारीच. आणि इथल्या शेतातल्या छोट्या साईटवर, जिथे पाचच गाड्यांना परवानगी असते, बऱ्याच ठिकाणी सेप्टिक टँक असतो, त्याचे जिवाणू मारून आलात तर तो शेतकरी पुढच्या वर्षी तुम्हाला उभं करणार नाही.

टाकी स्वच्छ झाली, आता पाईप. तो वळ्यावळ्यांचा पाईप धुण्यात मी वेळ घालवला नाही, कापून काढला. कापलेला तुकडा मधून उभा चिरून बघितला, आतल्या प्रत्येक वळीत काळं लोणी. बाबांनी तो तुकडा मुलांना दाखवला, मुलं आठवडाभर भांडी घासायची पाळी आली की त्याचीच आठवण काढत होती. त्या जागी आतून गुळगुळीत असा कडक पुश-फिट पाईप टाकला, बाबांनी लेव्हलची बाटली धरून उतार नीट दिला आणि क्लिप एवढ्या जवळ मारल्या की नवरा म्हणाला ही गाडी मोडीत गेली तरी पाईप इथेच लटकत राहणार. कोपऱ्यांवर मात्र थोडा लवचिक तुकडा ठेवावा लागला, गाडी धावताना हलते त्यामुळे सगळंच कडक करून चालत नाही.

शॉवरच्या दोन्ही जाळ्यांच्या पाईपांना पुढे जिथे ते एकत्र येतात तिथे हेपवो व्हॉल्व्ह बसवला. हा बिनपाण्याचा ट्रॅप, आत सिलिकॉनचा एक चपटा पडदा असतो, पाणी आलं की उघडतो, पाणी गेलं की ओठ मिटतात. वाळायचा प्रश्न नाही, हिंदकळायचा प्रश्न नाही आणि आडवाही बसतो त्यामुळे उंची लागत नाही. बाबांनी पहिल्यांदाच बघितला, हातात घेऊन एका बाजूने फुंकलं, दुसऱ्या बाजूने फुंकलं, आणि म्हणाले, "हे आमच्या वेळी असतं तर." आडवा बसवताना त्याची खालची बाजू खालीच आली पाहिजे आणि थोडा उतार हवा, त्यावर खूण असते. तेलकट पाण्याने पडदा चिकटू शकतो म्हणून शॉवरला ठीक. परत उदबत्ती पेटवली, फॅन चालू केला, मागच्या जाळीवर धूर हलला नाही.

राहता राहिलं किचन, कारण टाकीत जाणारं तेल थांबवल्याशिवाय हे सगळं परत होणार. मी आईला म्हटलं की ताटं धुवायच्या आधी कागदाने पुसून घ्यायची. आईला ते पटेना, "कागदानं कसली पुसतेस, विसळलं की झालं." मग तिनेच तोडगा काढला, प्रत्येकाने शेवटच्या पोळीच्या तुकड्याने ताट पुसून खायचं, ताटात काही दिसलं तर उठायचं नाही. मुलांना कागदाने पुसायला सांगितलं असतं तर रोज भांडण झालं असतं, आजीचं मुकाट ऐकलं. कढईतलं तेल, तुपाची वाटी, दह्याचं भांडं हे मात्र कागदानेच, तूप तर थंड पाईपात गेलं की तिथेच थिजतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी सिंकमध्ये नाही, बादलीत आणि बादली साईटच्या सर्व्हिस पॉइंटवर. आणि सिंकच्या जाळीवर बारीक जाळीची गाळणी, मोहरीसाठी खास.

साईटवर उभे असताना टाकीचा नळ उघडाच ठेवतो आणि खाली सांडपाणी धरायला चाकं लावलेला ड्रम ठेवतो, पाणी टाकीत मुरतच नाही. जिथे तसं करू देत नाहीत तिथे निघायच्या आधी टाकी रिकामी करूनच निघायचं, नाहीतर वास सोडा, नव्वद लिटर म्हणजे नव्वद किलो उगाच घेऊन फिरणं आणि गाडीची मर्यादा साडेतीन हजार किलोची, आईच्या सामानानंतर तशीही फारशी जागा उरत नाही. हिवाळ्यात गाडी उभी करताना नळ उघडा ठेवतो, पाणी गोठून काही फुटायला नको, आणि सिंक-बेसिनला बुच लावतो.

किचन सिंकचं काम अजून राहिलंय. त्याचा जुना ट्रॅप उथळच आहे, कडक उन्हात गाडी तापली आणि नवऱ्याने जोरात ब्रेक मारला तर अजून हलका वास येतो, आईला नाही यायचा, मला येतो. खोल ट्रॅप आणून ठेवलाय, कपाटातल्या गॅस पाईपला न लागता तो कसा बसेल ते बघायचंय, बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाले आधी कपाटाचा तळ मोजून पाठव.